‘तुमचं बरंय, बसून पगार’ म्हणणाऱ्या दादाला काय उत्तर द्यायचं?

पत्र :

ताई, नमस्कार. तुमचं सदर नेहमी वाचते पण स्वतः कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. मी सातारा जिल्ह्यात झेडपीची शिक्षिका आहे. दोनशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे, वरचे दोन वर्ग सरांकडे. २४ जानेवारी २०२२ ला शाळा परत उघडली. खरं तर आनंद व्हायला पाहिजे, पण सकाळी गाडी काढतानाच पोटात गोळा येतो. कोरोनाची भीती आहेच, घरी सासूबाईंना शुगर आहे, पण त्याहून जास्त भीती लोकांची वाटते. पारावर बसलेले मुद्दाम ऐकू जाईल असं बोलतात, ‘आले बघा सरकारी जावई’. एका पालकांनी तर गेटवरच विचारलं, बाई, पोरगं दुसरीत आहे आणि अजून बाराखडी येत नाही, दोन वर्षं पगार कशाचा घेतला? मला काही बोलताच आलं नाही.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. संक्रांतीला माहेरी गेले होते, सगळे जेवायला बसलेले आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तुमचं बरंय बाबा, शाळा उघडो नाहीतर बंद राहो, एक तारखेला मोबाईल वाजतोच.’ सगळे हसले. वहिनीपण हसली. मी ताटावरून उठले आणि तशीच निघून आले. तेव्हापासून बोलणं नाही. गेल्या वर्षी त्याची अडचण होती तेव्हा मीच पन्नास हजार दिले होते, एकदाही मागितले नाहीत, आणि त्यानेच असं बोलावं? दोन वर्षांत मला लागलेल्या सगळ्या ड्युट्यांच्या ऑर्डरी मी जपून ठेवल्यात. त्यांचे फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकावेत असं फार वाटतंय, एकदा कळू दे सगळ्यांना. मिस्टर म्हणतात सोडून दे. काय करू?

— एक झेडपीच्या बाई

उत्तर :

अगं, ते फोटो टाकू नकोस.

टाकलेस तर काय होईल ते मी आत्ताच सांगते. मामा अंगठा पाठवेल, मावशी जोडलेले हात पाठवेल, कुठलातरी चुलतभाऊ ‘सलाम ताई’ लिहील, आणि दादा मेसेज बघेल, निळ्या टिका येतील, आणि तो काहीही लिहिणार नाही. ग्रुपवर तू जिंकशील आणि पुढच्या राखीपौर्णिमेला कुठे जायचं हा प्रश्न पडेल. त्यात त्या ऑर्डरी त्याने वाचल्या तरी त्याला त्यात काय दिसणार आहे सांगू का, की प्रत्येक ऑर्डर म्हणजे सरकारने हिला कामावर ठेवलं होतं याचा पुरावा. त्याला या दोन वर्षांत कुणी कसलीच ऑर्डर दिली नाही गं. ना सरकारने ना गिऱ्हाइकाने. हेच तर त्याचं दुखणं आहे.

पण तू जपून ठेवलेल्या त्या कागदांना कुठेतरी जागा मिळायला हवी हे मला पटतं, म्हणून इथे मीच लिहिते, बाकीच्या वाचकांसाठी. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि लोकांना वाटलं मास्तर लोक घरी बसले. एप्रिल-मे मध्ये जिल्ह्याच्या हद्दीवर नाकाबंदीला पोलिसांच्या शेजारी वही घेऊन, कोण कुठून आला आणि कुठे चालला हे लिहीत उन्हात उभे होते त्यांच्यात किती शिक्षक होते ते आठवून बघा. रेशन दुकानावर होते. मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्या लोकांना चौदा-चौदा दिवस ठेवलं ती क्वारंटाइन सेंटरं बहुतेक गावात झेडपीच्या शाळेतच होती ना, मग तिथे पाणी आहे का, जेवण आलं का, रात्री कोण पळून तर नाही गेलं हे बघायला कोण होतं? मग सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आलं, तेव्हा आशाताईंबरोबर घरोघर जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावायचं काम आलं आणि लोक दारातूनच ओरडायचे, आमच्याकडे कोणी आजारी नाही, पुढे जा. जानेवारी २०२१ ला राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, तिथेही मतदान केंद्रावर हेच लोक. मधल्या काळात शाळेतल्या पोषण आहाराचे तांदूळ-डाळी मोजून पालकांना वाटायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास टाकायचा, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं. हे सगळं झालंय, आणि हे करताना माणसं गेलीतही.

उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ ला ऐन दुसऱ्या लाटेत पंचायत निवडणुका घेतल्या. तिथल्या प्राथमिक शिक्षक संघाने ड्युटीवर जाऊन कोरोनाने गेलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादीच दिली, १,६२१ नावं. सरकारी खात्याने आधी काय आकडा दिला माहितीये? तीन. कारण नियम असा लावला की ड्युटीला निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत मेला तरच तो ड्युटीवर मेला. कोरोना काय दोन दिवसात माणूस नेतो का? नंतर ओरडा झाला, नियम बदलला, भरपाई द्यायचं ठरलं. पण हे सांगायचं कारण असं की कागदावर मोजदाद नसली की केलेलं काम असं गायब होतं, त्यामुळे तुझ्या त्या ऑर्डरी नीट फाईलला लावून ठेव, उद्या सर्व्हिस बुकापासून कशाकशाला लागतील. फक्त ग्रुपवर नको.

आता लोक असं का बोलतात ते. मला तर या दोन वर्षांत लोकांचं शिक्षकांबद्दलचं मत इतक्या वेळा फिरताना दिसलंय की कुठलं खरं मानायचं हाच प्रश्न पडावा. लॉकडाऊनच्या पहिल्या काही आठवड्यांत पोरं घरात, आईबापांनी स्वतः पाढे घ्यायचा प्रयत्न केला आणि फेसबुकभर पोस्टी, की चाळीस पोरं सांभाळणाऱ्या बाईंना आमचा साष्टांग दंडवत. जून उलटला आणि साष्टांग दंडवताचा फुकट पगार झाला. मग २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग उघडायचे ठरले, त्याआधी शिक्षकांची सक्तीने आरटीपीसीआर केली आणि पेपरात बातम्या, अमुक जिल्ह्यात इतके शिक्षक पॉझिटिव्ह. झालं! कालपर्यंत घरी बसून पगार खाणारा मास्तर एका रात्रीत गावात कोरोना आणणारा मास्तर झाला. अरे, टेस्ट केली म्हणून सापडले ना? त्या गावातल्या बाकी कितीजणांची टेस्ट झाली होती? पण नाही. आणि गंमत बघ, त्यानंतर दहाच दिवसांनी, ३ डिसेंबरला, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून टाकले. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या स्टेटसला डिसले गुरुजी. यातले बरेच स्टेटसवाले तेच, जे आदल्या आठवड्यात ‘यांचे पगार निम्मे करा’ म्हणत होते. मी नावानिशी ओळखते काहींना, पण जाऊ दे.

मला म्हणायचंय काय, की ते कौतुक झालं तेव्हा त्यात तू नव्हतीस, आणि आता हे टोमणे चाललेत त्यातही तू नाहीस. पारावरच्या त्या माणसाला तू दुसरीच्या वर्गात काय करतेस याची काही माहिती नाही आणि ती त्याला करून घ्यायचीही नाहीये. त्याला एक सरकारी नोकर दिसतो ज्याच्यावर तोंडसुख घेता येतं आणि उलट काही होत नाही. तलाठ्याला बोलून बघ म्हणावं असं, उताऱ्याला किती हेलपाटे पडतात ते कळेल!

आणि शिव्या देणारे लोक पोरं कुठे घालतायत ते बघितलंस का? ‘असर’ म्हणजे शिक्षणाची पाहणी करणारा अहवाल, त्याचा नोव्हेंबर २०२१ चा अंक आहे, देशभरातल्या ग्रामीण मुलांचा. २०१८ ला सरकारी शाळेत जाणारी मुलं होती ६४.३ टक्के, २०२१ ला ७०.३ झाली. इंग्लिश मीडियमची फी परवडेना, बस बंद झाली, गावी परत आले, कारणं काहीही असोत, पोरं तुमच्याकडे आलीत. त्याच अहवालात हेही आहे की ट्यूशनला जाणारी मुलं २८.६ वरून ३९.२ टक्क्यांवर गेली. म्हणजे पोराचं नाव झेडपीत आणि भरवसा क्लासवाल्यावर. हे मात्र टोचून घेण्यासारखं आहे.

आता एक गोष्ट अशी सांगते जी तुला आवडणार नाही. पगार मिळत होता, ही गोष्ट खरी आहे. एक तारखेचं म्हणशील तर त्यावर मी हसले, कारण झेडपीचा पगार एक तारखेला होतो असं एखाद्या शिक्षकालाच म्हणून दाखव, शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), बिलं, ट्रेझरी करता करता कधी पंधरा तारीख उजाडते कधी वीस, आणि मार्च २०२० चा पगार तर दोन टप्प्यात झाला होता, तुम्हाला आधी पंच्याहत्तर टक्केच. पण उशिरा का होईना, आला. तुझ्याच तालुक्यातल्या विनाअनुदानित शाळेवरचे शिक्षक बघ, ते आधीही वीस टक्के अनुदानासाठी आझाद मैदानावर बसायचे आणि लॉकडाऊनमध्ये कुणी भाजी विकली, कुणी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेला. इंग्लिश मीडियमच्या मिस तर निम्म्या पगारावर रोज पाच-पाच तास ऑनलाइन शिकवत होत्या, पालकांनी फी भरली नाही की पहिली कात्री यांच्या पगाराला. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने खासगी शाळांच्या फीत पंधरा टक्के कपात करायला लावली तेव्हा पालक म्हणून मलाही बरं वाटलं, पण ते पंधरा टक्के शेवटी कुणाच्या खिशातून गेले असतील हे कळायला गणित यावं लागत नाही. तर पगार मिळणं हा तुझा गुन्हा नाही, पण या दोन वर्षांत ती चैनीची गोष्ट झाली होती. ते कुणी बोलून दाखवलं की लगेच ‘मी काय फुकट घेतला का’ असं अंगावर जाऊ नकोस. ‘हो, पगाराचा आधार होता, त्यावर आमचं घर चाललं’ एवढं म्हणून बघ. समोरच्याचा पुढचा टोमणा घशातच अडकतो.

दुसरं, तुम्हा लोकांची एक सवय आहे, कुणी एका मास्तरला बोललं की सगळे मास्तर एक होता. काहींनी खरंच काही केलं नाही ना गं? रोज एक यूट्यूबची लिंक ग्रुपवर टाकली आणि झालं शिक्षण सुरू. पोरांनी ती बघितली का, त्यांच्याकडे नेट पॅक आहे का, कुणी विचारलं नाही. असे लोक प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, आहेत आणि केंद्रातल्या प्रत्येकाला ते माहिती आहेत, शिक्षण परिषदेला तुम्ही आपसात बोलता, मला माहितीये. मग गावातला माणूस बोलला की त्यांची वकिली तू कशाला करायची? ‘सगळेच शिक्षक राबले’ असं म्हणायला गेलीस की समोरचा लगेच एक न राबलेला काढून दाखवतो आणि तू खोटी पडतेस. तू तुझ्यापुरतं बोल. माझ्या वर्गात मी हे केलं. बास.

आता दादा.

तुझ्या पत्रात मला एक गोष्ट खटकली ती ही, की पन्नास हजारांचं तू एकाच ओळीत उरकलंस. माझ्या मते सगळी गाठ तिथे आहे. विचार कर, मंडपवाल्याचं या दोन वर्षांत काय झालं. २०२० चा आख्खा लग्नाचा सीझन बुडाला, नंतर पन्नास माणसांत लग्न, मग एप्रिल २०२१ ला तर पंचवीस माणसं आणि दोन तासांत सगळं आटपा, नाहीतर पन्नास हजार दंड. पंचवीस माणसांना मंडप कशाला लागतो? घराच्या ओसरीत होतं ते लग्न. गणपती साधे, नवरात्र साधं, जत्रा बंद, सभा बंद. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरला जरा कुठे बुकिंगं यायला लागली तर ओमायक्रॉन आला आणि परत पन्नास माणसं. आणि तू त्याच्या ताटाशेजारी बसलीस ती नेमकी संक्रांतीला, म्हणजे ते परत बंद झाल्याला दोन आठवडे झालेले, कदाचित दोन-चार पार्ट्यांनी अ‍ॅडव्हान्स परत मागितलेला. कापड गोदामात उंदीर कुरतडतायत, बांबू वाळवी खातेय, टेम्पोचा हप्ता सुरू, आणि हातातली पोरं दुसरीकडे कामाला गेली. आणि या सगळ्यात त्याला कुणापुढे हात पसरावा लागला, तर धाकट्या बहिणीपुढे.

आपल्याकडे मोठ्या भावाने बहिणीला द्यायचं असतं. माहेरी आली की साडी, भाऊबीजेला ओवाळणी, पोरांना कपडे. ते उलटं झालं. तू मागितले नाहीस हे तुझं मोठं मन, मला मान्य आहे, पण न मागितलेले पैसे जास्त जड असतात. तू संक्रांतीला दारात उभी राहिलीस तेव्हा त्याला आधी पन्नास हजार दिसले असणार, मग तू. आणि मग माणूस काय करतो, तर ते पैसे तिला सहज मिळाले होते असं स्वतःला पटवून घेतो. घरबसल्या मिळाले, तिला काय त्याचं. म्हणजे मग आपण घेतले त्याचं ओझं कमी होतं. हे तो मुद्दाम करतो असं नाही, आणि तो बोलला ते बरोबर होतं असं तर मी अजिबात म्हणत नाही, भरल्या ताटावर बसलेल्या लेकीला असं बोलायचं नसतं. वहिनीचं हसणंही मी फार मनावर घेणार नाही, नवरा चारचौघात असं काही बोलला की बाईला हसण्याशिवाय काय करता येतं, तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

एक मात्र मला तुझ्याकडून कळायला हवं होतं, की ते पैसे दिल्याचं अजून कुणाकुणाला माहिती आहे? आईला? बहिणींना? मिस्टरांनी कधी कुठे बोलून दाखवलं का? असं काही झालं असेल तर आधी ते निस्तर, कारण तसं असेल तर संक्रांतीचं ते वाक्य त्याने मनात बरेच दिवस घोळवून ठेवलेलं असणार.

आणि सोडून दे म्हणणाऱ्या मिस्टरांचं मी निम्मंच ऐकेन. पारावरच्यांचं सोड, दादाचं सोडू नकोस. जा तिकडे. रविवारी दुपारी जा, सणाला नको, जेवायच्या वेळेला तर नकोच. एकटी जा. तो गोदामात असेल तर थेट तिथेच जा, घरात बसलात की आई मध्ये पडेल, वहिनी चहा टाकेल आणि बोलायचं राहून जाईल. आणि शाळेचा विषय तू काढू नकोस. त्याला विचार, दादा, धंद्याचं कसं चाललंय, खरं खरं सांग. आणि मग ऐक. मध्ये ‘आमचंपण असंच’ म्हणायचं नाही, ड्युटीचं सांगायचं नाही, नुसतं ऐकायचं. तुला जड जाईल, शिक्षकांना जातंच. त्याचं सगळं बोलून झालं की मग म्हण, तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललास ते मला लागलं, एकटीला बोलला असतास तर भांडले असते तुझ्याशी. एवढंच. माफी माग म्हणू नकोस, मोठे भाऊ माफी मागत नाहीत, ते निघताना गाडीच्या डिकीत काहीतरी ठेवतात.

पैशांबद्दलही तिथेच बोलून टाक. दोनच रस्ते आहेत, एक तर ‘ते परत द्यायचे नाहीत, माझ्याकडून धंद्याला दिले’ असं स्पष्ट म्हण, किंवा ‘धंदा सुरळीत झाला की महिन्याला जमतील तसे दे’ असं ठरवून टाक. मला विचारशील तर दुसरं कर. पहिलं ऐकायला छान वाटतं पण त्याने तो अजून खाली जाईल. महिन्याला दोन हजार परत करणारा भाऊ तुझ्याशी बरोबरीने बोलेल. फक्त हप्ता कधीपासून हे त्याला ठरवू दे, आणि एखादा महिना चुकला तर फोन करू नकोस.

राहता राहिला गेटवरचा तो पालक. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्यावर तू चिडलीस त्याचं जरा वाईट वाटलं. पारावरच्या माणसाला टवाळी करायचीये, दादाचं दुखणं धंद्याचं आहे, पण हा माणूस त्याच्या पोराबद्दल बोलत होता. बोलायची पद्धत वाईट, पण प्रश्न खरा आहे. त्याचं पोरगं जून २०२० ला पहिलीत आलं, म्हणजे नाव पटावर चढलं, पण शाळा त्याने पहिल्यांदा बघितली ती १ डिसेंबर २०२१ ला, थेट दुसरीच्या वर्गात बसून. पहिली त्याने केलीच नाही. मग महिनाभर आला नाही आला तोवर जानेवारीत परत कुलूप, १५ फेब्रुवारीपर्यंत बंद म्हणून सांगितलं आणि २४ जानेवारीला उघडली. त्याला बाराखडी कुठून येणार? यात तुझी चूक नाही आणि त्या बापाचीही नाही, पण बापाला हे असं कुणी समजावून सांगितलंच नसेल. त्याला दिसतं एवढंच की पोरगं दुसरीत आहे आणि वाचता येत नाही.

त्याला बोलावून घे. गेटवर नाही, वर्गात, शाळा सुटल्यावर, पोरगं समोर बसवून. त्याला सांग की कागदावर हा दुसरीत आहे पण मी याला पहिलीपासून घेणार आहे, आत्ता याला एवढी अक्षरं येतात, ही बघा, आणि एप्रिलपर्यंत साधे शब्द वाचायला लागेल असं मी बघते. पुस्तक पूर्ण होईल असं वचन देऊ नकोस, होणार नाही. वरून पोर्शनचा तगादा येईल, केंद्रप्रमुख विचारतील कुठला धडा चाललाय, त्यांना काय सांगायचं ते तू आणि सर मिळून ठरवा, तुम्हाला जमतं ते. आणि त्या बापालाही काम दे, रोज रात्री पोराकडून पाच शब्द वाचून घ्यायचे. त्याला स्वतःला वाचता येत नसेल तर पोराने बोट ठेवून म्हणायचं आणि बापाने ऐकायचं. अडाणी म्हणून आईबापांना सोडून देतात शाळावाले, ते करू नकोस. पंधरा दिवसांनी त्याला परत बोलाव आणि पोराला त्याच्यासमोर वाचायला लाव. तुमचं गाव छोटं आहे, पोरगं वाचायला लागलं ही बातमी पारावर तू न सांगता पोचेल. आणि नाही पोचली तरी पोरगं वाचायला लागलेलं असेल.

सगळेच पालक असे बोलावून होणार नाहीत, पहिली-दुसरीचे मिळून वीसेक असतील ना, तरी एकदम सभा घेऊ नकोस. सभेत एकजण उठतो, पगारावर घसरतो आणि बाकीचे माना डोलावतात. एकेकटा माणूस सहसा असं बोलत नाही.

सासूबाईंचं : २०२२ च्या सुरुवातीला, हे उत्तर लिहिताना, नियम असा होता की वय साठच्या वर, शुगरसारखा आजार आणि दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेले असतील तर १० जानेवारीपासून लशीचा प्रिकॉशन डोस मिळायचा, त्याची प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी कर. शाळेतून आलीस की हातपाय धुऊन कपडे बदलून मग त्यांच्याजवळ बस, आणि वर्गाच्या खिडक्या थंडी असली तरी उघड्या ठेव. भीती वाटते हे सरांना सांगायला लाजू नकोस, त्यांनाही वाटत असणार, पुरुष बोलत नाहीत.

आणि सकाळी गाडी काढताना येणारा पोटातला गोळा अजून महिनाभर तसाच राहिला, झोप लागेना, पोरांवर विनाकारण ओरडायला लागलीस, तर डॉक्टरांकडे जा, हे सदरात पत्र लिहून बरं होणारं नसतं. नुसता शाळेच्या वाटेवरचा असेल आणि फळा पुसेपर्यंत जात असेल, तर पाराच्या रस्त्याने जायचं सोडून दे काही दिवस. मागून वाट असेलच की.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे ते ‘मास्तर आणि पगार’ फॉरवर्ड येतच राहणार, गावाच्या ग्रुपवरही आणि माहेरच्याही. तिथे म्यूट करायला आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय येतात. गावाचा ग्रुप कायमचा म्यूट कर. माहेरचा करू नकोस, दादाने गोदामाचा किंवा नव्या बुकिंगचा फोटो टाकला तर तो तुला दिसायला हवा. आणि दिसला तर अंगठा नको पाठवूस, सरळ फोन लाव त्याला.